शॉकअपवाली अम्बरीन

स्प्रिंग दाबून धरलेली असताना हात सोडता येत नाही. सोडला तर ती सुटते आणि समोरच्याचे दात तरी घेऊन जाते, नाहीतर छपराचं कौल. म्हणून त्या शुक्रवारी परसातल्या शेडमध्ये परका पुरुष येऊन उभा राहिला, तेव्हा अम्बरीनला आत पळता आलं नाही. ओढणी खांद्यावरून घसरलेली, दोन्ही हात आणि अंगाचं सगळं वजन लोखंडी दांड्यावर, कपाळावर काळ्या तेलाचं बोट. दांडा अडकवायची साखळी नेमकी आजच निसटली होती.

“हैदरचाचा हायत का…” एवढं म्हणून तो थिजला.

“जुम्म्याला गेलेत. बघत काय उभे राहिलात? त्या दोन चकत्या उचला. अर्ध्या-अर्ध्या हायत. दांडीच्या खाचेत बसवा… हळू. घाई नको.”

तो वाकला. पत्र्यावर रिमझिम वाजत होती. त्याच्या शर्टाला अंड्याचा बलक लागलेला, केसांतून पाणी ठिबकत होतं. त्याची बोटं तिच्या बोटांपासून वीतभरावर आली, एक चकती घसरली, पुन्हा बसली. अम्बरीनने जपून दांडा वर सोडला. स्प्रिंग जागेवर राहिली. दोघांनीही एकदम श्वास सोडला – आणि मग तिला कळलं की या माणसाने सगळं पाहिलं आहे.

सगळं म्हणजे काय, ते सांगायला हवं. महाडपासून कशेडी घाटापर्यंत जुन्या मोटरसायकलींचे मागचे शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे हिसके झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या नळ्या, बांधून देणारा एकच माणूस, हैदर. दस्तुरी नाक्यापलीकडे त्याचं घर, पुढे दुकानाची फळी. गाड्या जुन्या, कंपनीचा माल बाजारातून नाहीसा झालेला, म्हणून लोक त्याच्याकडे येत. पण आखातातून परतल्यावर हैदरचा उजवा हात थरथरायला लागला, त्यालाही वर्षं झाली. तो फळीवर बसायचा, माल घ्यायचा, माल द्यायचा. मधलं सगळं त्याची पोरगी परसात करायची. सील बदलणं, मोजून तेल भरणं, वाकलेली दांडी ओळखणं, सगळं.

आणि हे लपवायचं. का? तर पुरुषांना झेपत नाही. याच मुलखात बाई गुडघाभर चिखलात भात लावते, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढते, ते चालतं. पण बाईने बांधलेल्या शॉकअपवर बसायचं म्हटलं, की यांच्या बुडाखालची सीट टोचायला लागते.

“कुणाला सांगू नका,” अम्बरीन म्हणाली. ती कुणापुढे विनवत नसे. त्या दिवशी तिने विनवलं.

“नाय सांगणार,” तो म्हणाला.

त्याचं नाव अकिब, गाव महाडजवळचं नाते. महाडातून अंडी उचलायची आणि वडिलांच्या जुन्या येझदीवरून पोलादपूर ते कशेडीच्या हॉटेलांना पोचवायची, हा त्याचा धंदा. मुंबईहून कुठल्याशा दुकानातून त्याने नवे चकचकीत शॉकअप आणून बसवले होते आणि तेव्हापासून प्रत्येक खड्ड्यात त्याचं ऑम्लेट होत होतं. अम्बरीनने सीटवर तळहात ठेवून दाब दिला. गाडी शेळीच्या करडासारखी उडाली.

“दिसायला नवरदेव,” ती म्हणाली, “आत तेलाचा थेंब नाय.”

जुने शॉकअप फेकले का, असं तिने विचारलं. घरी पडलेत, तो म्हणाला. मग ते आणा, त्यांची स्प्रिंग चांगली असणार, नव्याच्या नळीवर जुनी स्प्रिंग चढवू, सील मी चांगलं टाकते, असं तिने सांगितलं. मग नेहमीचा प्रश्न. तो हैदरही सगळ्यांना विचारायचा, कारण स्प्रिंग किती ताणून बांधायची ते त्यावर ठरतं.

“मागे कोण बसतं?”

“अंडी.”

“अंड्यांशिवाय?”

“अजून… कोण नाय.”

प्रश्न धंद्याचाच होता. पण कान मात्र तिचे तापले.

शॉकअप असे झाले की अकिब घाट चढून उतरला आणि एका अंड्याला तडा गेला नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्याच आठवड्यात तो परत आला. डाव्या बाजूने कुरकुर येते म्हणे. कुरकुर नव्हती. मग उजवी बाजू जड वाटू लागली. मग काहीतरी गळतंय असा त्याला भास झाला. हैदर फळीवरून त्याला आत पाठवायचा आणि स्वतः मुद्दाम मोठ्याने पेपर वाचायचा. म्हातारा आंधळा नव्हता.

“गाडीला काय नाय झालेलं,” अम्बरीन एकदा मान वर न करता म्हणाली.

“मग मला झालं असेल.”

“तुमचं सील गेलंय. माझ्याकडं त्या मापाचं नाय.”

“शोधलंत तर मिळेल…”

ती हसली नाही. तो गेल्यावर हसली, एकटीच, रॉकेलमध्ये नट धूत.

श्रावण सरता सरता मस्कतच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा वाईट नव्हता. फोटोत हसत होता. पण बघायला त्याची खाला, म्हणजे मावशी, येणार म्हटल्यावर अम्मी, महरुन्निसा, आदल्या दिवशी पोरीचे हात घेऊन बसली. आधी लिंबू, मग राख, मग साबण. नखांतलं काळं काही निघेना. शेवटी अम्मीने बोटांच्या पेरांपर्यंत गच्च मेहंदी भरली, की काळ्यावर लाल चढावं. खालाने हात उलटेपालटे करून पाहिले, मेहंदी रंगलीय म्हणाली, मुलगी काय करते म्हणून विचारलं. अम्मी म्हणाली, शिवणकाम. ज्या हातांनी घर चालत होतं, त्या हातांची घरालाच लाज वाटत होती. मस्कतला गेली की हे हात कायमचे स्वच्छ होणार, एवढंच तिला दिसत होतं. ते तिला मरणासारखं वाटलं.

अकिबला स्थळाचं हैदरकडून कळलं. तो परसात आला नाही. आणि दोन दिवसांनी घाटातल्या एका हॉटेलात त्याने घोळ केला. जुन्या बुलेटवरून आलेला कोणी पाहुणा हैदरच्या हाताची तारीफ करत होता. हैदरसारखा कारागीर मुंबईत नाही, असं वगैरे. अकिबला राहवलं नाही. तो भर हॉटेलात म्हणाला, हात हैदरचाचांचा नाय, त्यांच्या पोरीचा हाय.

बातमी घाटातून ब्रेक फेल झालेल्या ट्रकसारखी उतरली. दुपारपर्यंत महाडात. काहींनी अर्धवट खोललेले शॉकअप तसेच उचलून नेले. खालाचा निरोप आला, की मोटरी दुरुस्त करायला आमच्याकडे माणसं आहेत, सून नको.

संध्याकाळी अकिब आला, पडलेल्या चेहऱ्याने. अम्बरीन त्याला शेडच्या दारातच भेटली.

“स्थळ गेलं त्याचं मला काय नाय,” ती म्हणाली. “बरंच झालं. पण ते माझं होतं. सांगायचं की लपवायचं, कधी सांगायचं, कुणाला – ते माझं होतं. तुमच्या तोंडात कशाला गेलं?”

“मला अभिमान वाटला म्हणून…”

“अभिमान तुमचा, नाव माझं. मस्कतवाल्याने गप्प बसवलं असतं, तुम्ही न विचारता बोललात. दोघांनी मला विचारलं कुठं?”

“चुकलं,” तो म्हणाला आणि गेला. पुरुष इतक्या थोडक्यात चूक कबूल करतो हे अम्बरीनने आयुष्यात प्रथम पाहिलं. त्यामुळे तिला अजूनच राग आला.

अंडेवाल्या पोराने थट्टा केली, असं लोकांना सांगू या, असं अम्मीचं म्हणणं. अम्बरीनने ऐकलं नाही. तिने दांडा, पाने, तेलाचे डबे, सगळं उचलून पुढे फळीवर आणलं, रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. हैदर शेजारी स्टूल ओढून बसला आणि थरथरता हात फळीवर ठेवून म्हणाला, “बेटा, हा हात लपवून मीच दमलो होतो.”

लोक आधी बघायला आले. मग हसायला. मग ज्यांनी शॉकअप उचलून नेले होते ते मुंबईचा नवा माल बसवून, खड्ड्यांत कंबर मोडून, खाली मान घालून परत आले. बुडाला शेवटी शहाणपण येतंच. उशिरा येतं, पण येतं.

अकिब मात्र आला नाही. त्याची येझदी नाक्यावरून जायची, आवाज ओळखू यायचा. अम्बरीनचा हात तेवढ्यापुरता थांबायचा, मग चालू व्हायचा. राग कधी उतरला ते तिला कळलंच नाही. एके दिवशी गाडीचा आवाज आला नाही, आणि ती दुपारभर चिडलेली राहिली, तेव्हा कळलं.

दिवाळीच्या थोडं आधी, कोवळ्या उन्हात, गाडी फळीपुढे येऊन थांबली. अम्बरीनने सवयीने सीट दाबून पाहिली. चांगली होती.

“काय झालंय?”

“काय नाय.”

“डावी बाजू?”

“बरी हाय.”

“मग आलात कशाला?”

त्याने हँडल सोडलं. “इतके दिवस खोट्या कामाला आलो. आज कामाशिवाय आलो. मला… तू हवीस. विचारायला आलो, सांगायला नाय.”

रस्त्यावरून एक एसटी धूर सोडत गेली. अम्बरीनने पाना खाली ठेवला.

“मी नात्याला येऊन चूल धरणार नाय. दुकान इथंच राहणार.”

“अंडी मी महाडातच उचलतो. इथंच राहीन.”

“लोक घरजावई म्हणतील.”

“मला अंडेवाला म्हणतात. मेलो का?”

या वेळी ती तो असतानाच हसली. तो बघतच राहिला, मग त्याने घाबरून विचारलं, की आता चाचांना कुणी सांगायचं…

“मी,” ती म्हणाली. ओढणीला हात पुसले, आणि तशीच आत गेली.

अकिब तिच्या स्टुलावर बसला. तेवढ्यात पोलादपूरचे एक मास्तर जुनी गाडी ढकलत आले. शॉकअप बांधायचेत, कोण आहे दुकानात, म्हणाले.

“दुकानवाली आत गेलीय. येईल. बसा.”

आतून महरुन्निसाचा चढलेला आवाज आला, मग हैदरचं हसू. मास्तरांनी कान टवकारले. आत काय चाललंय, विचारलं.

अकिबच्या ओठांवर सगळं आलं होतं. त्याने ते गिळलं.

“ते तीच सांगेल,” तो म्हणाला.