जमनीनं भरलेली फी

मुन्शी घनश्यामचा हिशेब सोपा होता. यवतमाळच्या मोटारस्टँडवरून पक्षकार धरायचा, वामनराव वकिलांच्या ओट्यावर नेऊन बसवायचा. आगाऊ फीत रुपयाला दोन आणे मुन्शीचे. फी निकालानंतर ठरली तर मुन्शीला काही नाही. म्हणून त्याला अपघातवाला पक्षकार फार आवडे. दुखणारा माणूस घासाघीस करत नाही.

त्या दिवशी दिग्रसच्या मोटारीतून खेमसिंग उतरला. उजव्या रिकाम्या बाहीला गाठ. जिनात, सरकी काढायच्या यंत्रात हात गेलेला. मागून त्याची लेक जमनी उतरली. तीही त्याच जिनात मजुरीला. केसांत कापसाचा तंतू अडकलेला. बापाला बंजाऱ्यांच्या गोरबोलीशिवाय फारसं येत नव्हतं, म्हणून बोलायचं तिनं.

घनश्यामनं तांडा विचारला, जिनवाल्याचं नाव विचारलं, आणि विचारण्याजोगं सगळं संपल्यावर विचारलं, "हात कोणता गेला?"

"बापाचा हात गेला मुन्शीजी," जमनी म्हणाली, "तुमचे डोये कवा गेले?"

गडी तिथंच संपला.

फी ऐकून बापलेक उठायला लागले, तेव्हा घनश्यामनंच वाट काढली—दर बाजाराला थोडी थोडी आणा. दलाली शाबूत, वर जमनीचं दर्शन... सौदा दोन्हीकडून नफ्याचा. वकिलांना त्यानं सांगितलं, पक्षकार खाऊनपिऊन सुखी आहे.

जमनी एकटीच येऊ लागली. आधी बकऱ्यांचे पैसे आणले, मग आईच्या चांदीचे. तो पावती लिहायला तासभर लावी.

"एवढ्यात आमी अर्धं वावर वेचतो," ती म्हणे.

"अक्षर चांगलं आलं पाह्यजे."

"मले कुठी वाचता येते?"

"पाहाले तर येते ना..."

एकदा त्यानं हात लांबवून तिच्या केसातला तंतू काढला. ती हलली नाही.

"राहू द्या. उद्या पुन्हा अडकते."

"मंग पुन्हा येजो."

निकाल लागला की खेमसिंगकडे जाऊन तिला मागायची, असं त्यानं ठरवून टाकलं. निकालाला उशीर होता, त्याला घाई नव्हती.

मग एका बाजाराला तिनं उरलेली सगळी फी ओट्यावर ठेवली.

"पावती लवकर लिवा. आता मी येनार नाई."

पैसे कुठले, हे तिनं रस्त्याकडे पाहत सांगितलं. शेजारच्या तांड्यातला बाबूसिंग, बायको वारलेला. त्यांच्यात नवरा मुलीच्या बापाला पैसे देतो. चांदी संपल्यावर बापाजवळ देण्यासारखं दुसरं काय होतं? पंच बसले, सगळ्यांनी गोळ, म्हणजे गूळ, खाल्ला, सोयरीक पक्की झाली.

घनश्यामनं पैशांचं गाठोडं तसंच वकिलांपुढे नेलं आणि सगळं सांगितलं, दलालीचा लोभसुद्धा. वामनरावांनी चष्मा काढला.

"हात गेलेल्या गरिबाकडून मी आगाऊ घेतली असती का रे? नुसतं विचारायचं होतंस."

त्यांनी पै न् पै परत दिली. घनश्याम ती घेऊन तांड्यावर धावला. तिथल्या मुखियानं, नायक भीमसिंगनं, त्याला खाटेवर बसवलं, चहा पाजला, शांतपणे ऐकलं.

"पैसे वापस होते बाबू. खाल्लेला गोळ वापस होत नाई." सोयरीक मोडली तर खेमसिंग तांड्याबाहेर, आणि एका हाताच्या माणसाला पेरणीत तांड्याशिवाय कोण? बाबूसिंगही आलेला होता, बाजूलाच मान खाली घालून बसला होता. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

नाल्यापर्यंत जमनी पोचवायला आली.

"वकिलाले काहून नाई पुसलं?"

"पयले दलालीपायी," तो म्हणाला. "मंग... फी सरली असती तर तू आली नसती."



"मी तर फी नसती तरी आली असती," ती म्हणाली, आणि तांड्याकडे वळली.

पुढे दावा जिंकला. जिनवाल्यानं हाताची भरपाई भरली, वामनरावांनी दमडी घेतली नाही, खेमसिंगच्या दारात बैलजोडी आली. आणि जी फी कोणी मागितलीच नसती, ती जमनी बाबूसिंगच्या घरात जन्मभर भरत राहिली.