कोर्टावर हसायचं नाही

चेंडू सुहासच्या पोटात बसला आणि सरिता हसली.

सगळं कोर्ट चिडीचूप होतं. त्या शांततेत पलीकडच्या रेषेवर उभ्या असलेल्या सरिताचं हसू असं काही खळखळलं, की सर्व्हिस करणारा उंचच उंच परदेशी खेळाडूही वळून बघू लागला. "लाइन अंपायर, प्लीज!" खुर्चीवरच्या पंचांनी दटावलं. सरिताने ओठ गच्च मिटले... पण खांदे हलायचे ते हलतच राहिले.

चहाच्या तंबूत सुहास तिच्यासमोर येऊन उभा राहिला. एक हात अजून पोटावर.

"दुखलं का, असं विचारायची पद्धत असते."

"दुखलं का?"

"मघाशी दुखत होतं. आता — नाय."

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या साहेबांना टेनिसचं भारी वेड. त्यांनी वसाहतीत निळंशार हार्डकोर्ट बांधलं आणि खटपट करून चक्क व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा आणली. जगातले पहिले दहा-वीस काही इथे येत नसत. यायचे ते त्यांच्या एक पायरी खालचे, वर चढायला धडपडणारे, रॅकेटींची पिशवी खांद्याला लावून देशोदेशी हिंडणारे. रेषांवर लक्ष ठेवायला माणसं हवीत म्हणून तालुक्यातले शिक्षक आणि कारकून शिकवून तयार केले. सरिता पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवायची, सुहास महाडला पंचायत समितीत होता.

पहिल्या वर्षी लोक टेनिसपेक्षा गोरी माणसं बघायलाच आले. उपांत्य सामन्यात झाडावरची वानरं कोर्टात उतरली आणि खेळ थांबला. दुसऱ्या वर्षी शिवथरकडून टेम्पो भरून मंडळी आली. "एका फटक्याला पंधरा? मग आमच्या कबड्डीनं काय घोडं मारलंय?" रावजी नावाचे एक आजोबा दर सामन्याला विचारायचे, आणि तरी शेवटपर्यंत बसायचे.

वर्षातून एक आठवडा. त्यातही लाइन अंपायरने बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, नजर रेषेवरून हलवायची नाही. उरायचा तो चहाचा तंबू. सुहास न विचारता तिच्या कपात साखर कमी घालून आणायचा. ती न सांगता त्याच्यासाठी डब्यात एक भाकरी जास्त आणायची. बाकी काही नाही. म्हणजे... बोलण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या वर्षीचा अंतिम सामना. आपल्या भारतीय मुलाला जिंकायला एक गुण हवा होता. त्याने फटका मारला, सगळं मैदान उठून उभं राहिलं, आणि सरिताचा आवाज कडाडला — "आऊट!"

तो तरातरा तिच्यासमोर आला. मातीच्या कोर्टावर चेंडूची खूण तरी उरते, हार्डकोर्टवर बघणाऱ्याचा शब्द तेवढा असतो. सरिता हलली नाही. पंचांनी तिचा निर्णय कायम ठेवला, मुलगा पुढे हरला आणि लोकांनी तिच्या नावानं शिमगा केला.

ती तंबूमागे जाऊन बसली. सुहास शेजारी येऊन टेकला.

"बाहेरच होता. चांगला बोटभर."

"तुम्ही तर समोरच्या रेषेवर होतात! नजर आपल्या रेषेवर ठेवायची असते ना?"

"ठेवायची असते..." तो पुटपुटला, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

ती वर्षभर त्या लाल कानांवर जगली. पण सुहास पुढे बोलला नाही. पुढच्या वर्षी बोलू, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

चौथ्या वर्षी बक्षीस समारंभात साहेब गहिवरले. त्यांची बदली झाली होती. स्पर्धा पुण्याला चालली होती. महाडची ही शेवटची.

सरिता कुणाचा निरोप न घेता पोलादपूरवरून जाणाऱ्या महाबळेश्वरच्या एसटीत जाऊन बसली. गाडी हलली आणि धावत येऊन कुणीतरी शेजारी धपकन बसलं.

"तुमचं घर महाडात आहे," ती म्हणाली.

"माहितीये. दोन पोलादपूर!" त्याने कंडक्टरला सांगितलं.

तिने पिशवी मांडीवर ओढून त्याला जागा केली.

"रविवारी मला बघायला येतायत," ती म्हणाली. "मुंबईचा आहे. बँकेत."

"टेनिस कळतं त्याला?"

"नाय कळत."

"भाकरी आवडते?"

"अहो, मला काय माहीत!"

"मग कसं व्हायचं तुमचं..." तो तिच्याकडे वळला. "सरिता, मी चार वर्षं चेंडू बघायला आलोच नाही."

तिने तोंड फिरवलं. हसू लपेना.

"मग सांगायला चार वर्षं लागतात?"

"पोलादपूरवाले!" कंडक्टर ओरडला. "अहो, तुमचं गाव कधीच मागं गेलं की!"

बाहेर बघतात तो गाडी आंबेनळी घाटाच्या वळणांना लागलेली! दोघं हसत-सावरत उतरले. समोर दरीत ऊन कलत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खाली जाणारी गाडी येईपर्यंत ती कठड्याला टेकून उभी राहिली, आणि तिचा हात त्याच्या हातात कधी गेला, ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

पोलादपूरच्या स्टँडवर तिचे आबा खांबाला टेकून वाट बघत होते. लेक उलट्या दिशेच्या गाडीतून उतरलेली बघून ते बुचकळ्यात पडले.

"महाबळेश्वरवरनं आलीस काय गो? नि ह्यो कोण हाय?"

सरिताच पुढे झाली.

"आबा, हे सुहास. महाडचे. रविवारच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा... मला हे पसंत आहेत."

आबांनी सुहासला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"पसंत हाय म्हणतेस? मग त्याला हितं उभा कशाला ठेवलास? घरी चल म्हणावं. आईनं मटण केलंय."