मंजुळेचा पाहुणा

"तुमचा हेला सांभाळता येत नाही तर पाळता कायले?"

प्रेमानंदशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी खरंच तापले होते. नागपूरला धरमपेठेतल्या घरांना दूध पोचवून सकाळी गावी परतले, तर गोठ्यात माझ्या मंजुळेशेजारी एक परका हेला उभा. हेला म्हणजे आमच्याकडे रेडा. मंजुळा माझी लाडकी म्हैस, आणि हा पठ्ठ्या तिची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, आरामात खाऊन राहिला होता. जरा जास्तच धिप्पाड होता. शिंगं ही एवढी लांब, गळ्यात जाड पट्टा, पट्ट्यावर एक डबी. मला वाटलं, शहरातल्या कुणा तबेलेवाल्याने नवीन मशीन बसवलं असेल, जनावर कुठं भटकतं ते मोबाइलवर बघायला.

आमच्या गावात चुकलेलं जनावर दारात आलं की त्याला बांधायचं, खाऊ घालायचं, आणि मालक आला की त्याला पोटभर बोलायचं, अशी रीत आहे. मी दावं अडकवलं, पाठीवर थाप मारून त्याला बाजूला सरकवलं आणि तिथेच उभी राहून मालकाची वाट बघू लागले.

मालक कुंपणापाशी उगवला. खाकी शर्ट, हातात अँटेना, चेहऱ्याचा रंग पार उडालेला. तो दिसताच मी ते पहिलं वाक्य त्याच्या अंगावर फेकलं.

"हळू..." तो म्हणाला. "अगदी हळू मागे या. त्याच्याकडे पाठ करू नका."

"काहून? माझ्या म्हशीची ढेप तुमच्या हेल्याने खाल्ली, अन् मीच हळू येऊ?"

"मॅडम, तो हेला नाही. रानरेडा आहे."

"म्हणजे?"

"जंगली आहे तो. आम्ही जंगलात सोडलेला."

माझा हात त्याच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला, कारण उचलायचा कसा तेच मी विसरले.

बाहेर कशी आले ते मला आजही सांगता येत नाही. ओट्यावर येऊन बसले. बाजूला बघते तर हाही बसलेला. जंगल खात्याचा माणूस, आणि माझ्याच घरचा तांब्या घेऊन गटागट पाणी पीत होता.

मग त्याने सांगितलं. आमच्या गावाला लागून जे जंगल आहे, तिथे एके काळी रानम्हशींचे कळप होते. शिकारीत गेले, रोगात गेले. माझ्या आजोबांनीसुद्धा पाहिले नव्हते. आता जाळीच्या मोठ्या वाड्यात काही जनावरं वाढवली आणि ह्या हिवाळ्यात पहिल्यांदा मोकळी सोडली. आत तलावाकडे माद्या होत्या, आणि त्यांच्यासोबत हा एकच नर.

"अन् त्या एकट्या नराच्या गळ्यात मी दावं बांधलं," मी म्हणाले.

"तेच मला समजत नाही. मी लांबून दिसलो तरी तो शिंगं रोखतो."

"तुम्ही त्याले कधी ढेप चारली?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटतो. हे मी का पाहिलं, कुणास ठाऊक.

त्या दिवशी माणसं बोलावून, लांबून डबे वाजवून त्यांनी रेड्याला जंगलात परतवलं. दोन दिवसांनी तो पुन्हा गोठ्यामागे हजर. आणि त्याच्या मागे अँटेना घेऊन प्रेमानंद. मग हे नेहमीचंच झालं. रेडा जंगलात गेला की प्रेमानंद ओट्यावर बसायचा, आणि मी चहा ठेवायचे.

"साखर किती?"

"चिडून दिला तर दोन चमचे. हसून दिला तर बिनसाखरेचा चालेल."

"मग दोन चमचेच घ्या."

माझे बाबा, मारोतराव, खाटेवर बसून हे सगळं ऐकायचे आणि छताकडे बघायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मला बघायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी असे काही प्रश्न विचारले होते की चहा अर्धा टाकून माणसं उठली होती.

"नाव प्रेमानंद," एकदा मी म्हणाले, "अन् काम रेड्यामागे फिरायचं."

"आईपण हेच म्हणते. कोराडीच्या कॉलनीतली सगळी पोरं विजेच्या प्लांटवर लागली, माझंच पोरगं जंगलात हरवलं." मग थांबून, कपाकडे बघत, "पण एवढं काही हरवलेलं नाही... चहा कुठं मिळतो ते बरोबर सापडतं."

मी न विचारता त्याच्या कपात आणखी चहा ओतला. बाबांनी छताकडे बघायचं सोडून माझ्याकडे पाहिलं.

मग एका सकाळी तो आला आणि चहाला नको म्हणाला. अँटेना बाजूला ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. साहेबांचा निर्णय झाला होता. रेडा आणखी एकदा गावात दिसला, तर त्याला पकडून वाड्यात टाकायचं, कायमचं. माद्याही परत आणायच्या. आणि ह्या जंगलात पुन्हा रानम्हशी सोडायचं नाव काढायचं नाही.

"कायमचं म्हणजे?"

"मरेपर्यंत. जाळीत."

बाबा तेव्हा शेतात होते. मी गोठ्याकडे पाहिलं. मंजुळेची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"तो हिच्यासाठी येते ना?" मी म्हणाले. "तिले काटोलले मामाकडे पाठवते मी."

बोलून गेले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मंजुळा नाही तर रेडा नाही. रेडा नाही, तर हा कशाला येईल? प्रेमानंदही उगाच अँटेना उचलून पुसायला लागला. बहुतेक तोही तिथेच पोचला होता.

मंजुळेला टेम्पोत चढवलं तेव्हा मी इतकी रडले की शेजारच्या बाया समजूत घालायला आल्या. म्हशीसाठी रडते पोरगी, असं सगळ्यांना वाटलं. निम्मं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंद दारात उभा. हातातलं यंत्र टिकटिक करत होतं.

"तो इथेच आहे," तो म्हणाला. "गोठ्याच्या मागे."

"पण मंजुळा तर..."

आम्ही दबकत मागे गेलो. तुरीच्या शेताच्या कडेला रेडा उभा होता. समोर भिजवलेल्या ढेपेचं घमेलं, आणि घमेल्यापाशी उकिडवे बसलेले माझे बाबा.

"खाय बाप्पा," बाबा त्याला सांगत होते. "तू आला की तो येते. तुले काय पाहिजे ते खाय, पन येत जाय."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. प्रेमानंद तर श्वास घ्यायचाच थांबला होता. त्याने खुणेने बाबांना हळूहळू मागे बोलावलं. बाबा आले, एकदम शांत.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"तुह्यं लगन करून राहिलो."

"काय?"

"पाहाले आलेले सारे पोट्टे तू पळवून लावले. हा एकच पोट्टा तुह्यं बोलणं ऐकून परत येते. हेला येनं बंद झाला, तर हा कायले येईन?"

माझे कान तापले. प्रेमानंदकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तो मात्र दुसरंच बोलला.

"काका, साहेबांना कळलं तर हा जन्मभर जाळीत जाईल."

बाबांचा चेहरा उतरला. "मले कोनी सांगतलं नाही गा," एवढंच म्हणाले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"ज्यांच्या हातचं त्याने खाल्लं, त्यांनीच त्याला घाबरवायचं. माणसाची सवय तुटली तरच तो जगेल. मी साहेबांकडे एक संधी मागतो."

मी दुधाची कॅन उचलली, बाबांनी घमेलं. आम्ही बडवत सुटलो. रेड्याने दचकून मान वर केली, आणि पळून जायचं सोडून माझ्याकडेच एक पाऊल टाकलं. ओळखीच्या माणसाकडे. मी रडत होते आणि ओरडत होते, "जा, चालला जा इथून!" मग तो वळला. तुरीतून वाट काढत जंगलात शिरला, एकदाही मागे न बघता.

प्रेमानंदही त्याच्या मागे गेला. आणि दोघंही आले नाहीत.

दिवस गेले. मंजुळा काटोलहून परतली. दुधाच्या फेऱ्या सुरू होत्या, लोकांशी भांडणंही सुरू होती, पण भांडणात जीव नव्हता. शेवटी एका दुपारी मी गाडी नागपूरऐवजी जंगलाच्या गेटकडे वळवली. तिथल्या पत्र्याच्या खोलीत प्रेमानंद नकाशा पसरून बसला होता. मला बघून उभाच राहिला.

"दूध आणलं," मी म्हणाले.

"आम्ही मागवलं नव्हतं."

"माहीत आहे." मी कॅन खाली ठेवली. "तो कसा आहे?"

"तलावापाशी. माद्यांसोबत. परवा माणसं दिसली तर पळाला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "साहेबांनी निर्णय मागे घेतला. तो राहतोय, कामिनी."

माझं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं.

"मग तुम्ही यायचं काहून बंद केलं?"

"कोणत्या तोंडाने येऊ? काका त्या दिवशी बोलले, आणि तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं... तुम्हाला नको आहे."

"मले लाज वाटून राहिली होती."

"तुम्हाला?" तो खरंच चकित झाला.

दिवसभर ओरडणारी मी, आणि आता शब्द सापडेना. शेवटी जसं आलं तसं बोलले.

"मले तुमची सवय झाली."

त्याने नकाशाची घडी घातली. "सवय वाईट," मग हळूच म्हणाला. "आम्ही ती तोडतो."

"पाहिलं ना मी. त्याची तर मीच तोडली." मी कॅनचं झाकण उगाच घट्ट केलं. "माझी नका तोडू."

त्याने हात पुढे केला. मी तो धरला.

"माझीच तुटत नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी गाडी आपोआप तुमच्या गावाकडे वळते. नाक्यावरून परत फिरवतो."

"उद्या फिरवू नका," मी म्हणाले.