हाडातला खर्ज

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी दस्तगीरभाईंनी गोळ्यांचं पाकीट उचललं, त्याचा चंदेरी कागद चुरचुरला, आणि मेजावरच्या स्पीकरमधली गुणगुण थांबली. गोळी अजून जिभेवरही पडली नव्हती.

मिरजेत चाळीस वर्षं तंबोरे घडवलेल्या या माणसाच्या नडगीत, मोडलेलं हाड सांधणाऱ्या सळईभोवती, जंतूंनी घर केलं होतं. शस्त्रक्रियेत जमेल तेवढं खरवडून काढलं. उरलेल्यांसाठी सहा आठवडे प्रतिजैविकं. सळईशेजारी तांदळाएवढा ‘अस्थिश्रावक’ बसवला होता. जिवंत जंतूंची सूक्ष्म थरथर टिपून तो ती स्पीकरवर ऐकवी.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुणगुण पुन्हा सुरू असताना, दस्तगीरभाईंनी मुद्दाम रिकामं पाकीट चुरगळलं. गुणगुण थांबली. त्यानंतर ती पुन्हा उमटलीच नाही.

आज सहावा आठवडा संपत होता. श्रावक काढायला डॉ. मगदूम घरी आल्या होत्या. श्रावकाचा आलेख सपाट होता.

“सलाइनमधून औषध दिलं असतं तर?” दस्तगीरभाईंच्या मुलीनं, नसीमनं विचारलं.

“या गोळ्याही हाडापर्यंत तितक्याच पोचतात गं. शिवाय सहा आठवडे खाटेवर पडून अब्बांनी तुझं डोकं खाल्लं असतं.”

“ते तर चालत्या पायानंही खातात.”

दस्तगीरभाई हसले नाहीत. “मॅडम, मेलेलं आणि श्वास रोखून बसलेलं, दोन्ही सारखंच ऐकू येतं.”

“जंतूंना कान नसतात, दस्तगीरभाई.”

“तंबोऱ्याला तरी कुठं असतात? शेजारी सूर लागला की तोही बोलतो.”

डॉक्टरांनी पिशवीतून चिमटा काढला. संसर्ग पुन्हा उसळला, तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल, हे त्यांनीच सांगितलं होतं.

“श्रावक काढण्याआधी एकदा स्पीकर लावा,” म्हणत दस्तगीरभाईंनी भिंतीला टेकलेला तंबोरा जवळ ओढला आणि खर्जाची तार छेडली. दुपारच्या निवांत खोलीत तो गंभीर स्वर लाकडातून, जमिनीतून, त्यांच्या नडगीतून पसरत गेला. स्पीकरही त्याच स्वरात घुमू लागला.

“तारेचीच थरथर आहे ती,” डॉक्टर म्हणाल्या.

दस्तगीरभाईंनी तारेवर तळहात दाबून धरला. तंबोरा मुका झाला.

स्पीकर मात्र घुमतच राहिला. नितळ, भरदार, बिनचूक खर्ज. आयुष्यभरात त्यांना असा सूर दोन-तीनदाच साधला होता, आणि क्षणभर, भीतीच्याही आधी, त्यांचे डोळे भरून आले. मग आपण एकटेच गातो आहोत हे एकाएकी उमगावं, तसा तो आवाज मध्येच तुटला.

“अब्बा, तार धरली होती ना तुम्ही?”

त्यांचा हात अजून तारेवरच होता.

डॉक्टरांनी हातातला चिमटा आवाज न करता खाली ठेवला. “गोळ्या थांबवायच्या नाहीत,” त्या अगदी हळू म्हणाल्या आणि लगेच त्यांनी ओठ मिटून घेतले.

त्यांचं हे वाक्य त्या खोलीत नेमकं किती जणांनी ऐकलं होतं?