गॅस न पेटवता केलेला पाहुणचार

झालं असं, की दातांच्या डॉक्टरनं जिन्यात एक अंजीर उचलला आणि कचकन चावला. बिचारा दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून भुकेला घरी परतत होता, आणि समोरच्या फ्लॅटच्या दारात उघडं खोकं... खोक्यात हे रसरशीत अंजीर! मोह आवरणार कसा?

"आई गं!"

आतून एक मुलगी धावत आली. केस विस्कटलेले, नाकाच्या शेंड्यावर हिरवा रंग.

"खाल्लात?"

"प्रयत्न केला," तो गाल धरून म्हणाला. "हे आहे काय?"

"प्लास्टर. वरून मेण. मी खोटं खाणं बनवते — नाटकांसाठी, दुकानांच्या काचेत मांडायला." मग ती घाबरलीच. "दात तुटला का हो? समोर दातांचे डॉक्टर राहतात म्हणे, बोलावू का?"

"त्याचा आत्ता काही उपयोग नाही. त्यालाच लागलंय."

ती खळखळून हसली, आणि डॉक्टर दात विसरला.

त्यानंतर रोज दोघांपैकी कुणी ना कुणी जिन्यात रेंगाळायचं. तो साखर मागायला यायचा आणि तासभर गप्पा मारून साखर न घेताच जायचा. अहो-जाहोचं अरे-तुरे झालं. तिला तो आवडायला लागला होता, अगदी जीव जाईल इतका. पण सांगायचं कसं? त्याचा तर तोंड उघडायला लावण्याचाच धंदा, पण स्वतःचं उघडेल तर शपथ!

अशात मावशीचा फोन आला. आईच्या मागे तिला याच मावशीनं वाढवलेलं. तिनं वेगळं घर केलं, हे मावशीच्या काही केल्या गळी उतरत नव्हतं.

"चिमे, शनिवारी आम्ही येतोय. मी, तुझा दादा आणि वहिनी. आम्हाला पोटभर खाऊ घाल, मग मी एक अक्षर बोलणार नाही. नाहीतर गपगुमान सामान बांधायचं आणि घरी यायचं. प्लास्टर कालवून पोट भरत नाही गं."

चिमीनं फुशारकीत "बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तिचं धाबं दणाणलं. तिला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मांडता मात्र येत होतं! म्हणून तिनं शार्कूटरी बोर्ड करायचं ठरवलं. लाकडी पाटावर चीज, सलामी, हॅम, फळं, अक्रोड, ऑलिव्ह, मध, बिस्किटं... शिजवायचं काही नाही, नुसतं सजवायचं.

शनिवारी दुपारी डॉक्टर मदतीला हजर झाला. तिनं त्याला सलामीच्या चकत्यांची फुलं करायला बसवलं.

"अशी घडी घालायची... मग अशी गुंडाळायची." तिची बोटं त्याच्या बोटांवरून फिरली, आणि दोघंही उगाचच सलामीकडे निरखून बघू लागले.

"हे फूल झालं का?"

"बोळा झालाय. पण मनापासून केलायस."

"चिमी, तू... हरलीस तर खरंच जाशील?"

"शब्द दिलाय." तिनं मान वर केली नाही. "का? तुला काय फरक पडतो?"

"मला..." त्यानं चीजचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. तिला इतका राग आला, की हातातलं ऑलिव्ह त्याला फेकून मारावंसं वाटलं.

बोलायचं टाळता टाळता त्यानं अर्धं चीज संपवलं आणि बोर्डची एक बाजू उघडी पडली. तेवढ्यात बेल वाजली! रिकामी जागा दिसली की चिमीचे हात शिवशिवतात, ही कामातून लागलेली सवय. मधानं भरलेल्या हातानं तिनं शेजारच्या खोक्यातून अंजीर घेतले, चीजचा तुकडा घेतला, अक्रोड घेतले, झटझट मांडले आणि दार उघडायला पळाली.

मावशीनं आल्या आल्या सगळीकडे नजर फिरवली. "गॅससुद्धा पेटवलेला दिसत नाही!" असं म्हणून नाक मुरडत तिनं बोर्डवरचा अंजीर उचलला. कोपऱ्यात डॉक्टरचा हात आपसूक गालाकडे गेला. ते बघून चिमीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मावशी, थांब! तो मी केलेला आहे."

"सगळं तूच केलंयस ना?"

"तसं नाही गं. तो... प्लास्टरचा आहे."

दादा खो खो हसत सुटला. "वाटलंच मला! पाहुण्यांना प्लास्टर खायला घालतेय. चल चिमे, बॅगा काढ."

चिमीचे कान लाल झाले. क्षणभर रडू येईलसं वाटलं तिला. पण मग तिचं डोकंच फिरलं.

"काढते बॅगा. आधी एवढं करा. यात अजून खोट्या वस्तू आहेत. हात न लावता एक जरी ओळखलीत, तर आत्ता निघते. चुकलात, तर जे दाखवाल ते खायचं!"

"हात्तिच्या!" दादानं पिवळ्याधमक चीजकडे बोट केलं. "हे."

चीज खरं निघालं. खावं लागलं. वहिनीनं द्राक्षं दाखवली, तीही खरी. "ही फुलं बघा, असं कधी मांस असतं का!" म्हणत दादानं सलामी दाखवली आणि सलामी खाल्ली. मावशीनं चष्मा लावला, वाकून वास घेतला, अक्रोडांवर बोट रोखलं आणि कडकड चावून खाल्ले. मग सगळ्यांना चेव चढला. हरताहेत आणि खाताहेत, खाताहेत आणि भांडताहेत! शेवटी बोर्डवर उरलं ते फक्त चिमीनं घडवलेलं.

दादानं ढेकर दिला आणि तोंडावर हात ठेवला. आता कुणाची बिशाद होती पोट भरलं नाही म्हणायची!

मावशीनं प्लास्टरचं चीज उचललं, बोटानं टक्टक् वाजवलं. "हे तू करतेस? मी कधी नीट बघितलंच नाही गं, चिमे. राहा इथंच. मस्त राहा." मग डोळे पुसत ती डॉक्टरकडे वळली. "आणि तुम्ही कोण? मघापासून घामाघूम झालाय ते!"

"मी समोरचा," डॉक्टर म्हणाला. "ही गेली असती तर... मी काय केलं असतं, मलाच माहीत नाही. माझं फार प्रेम आहे हिच्यावर."

"अरे!" चिमी ओरडली. "हे आधी मला सांगायचं की मावशीला?"

"तुला. पण... धीर होत नव्हता."

"मला कधीची वाट बघायला लावलीस माहितीय? मूर्खा... माझंही आहे." आणि मधानं चिकट झालेल्या बोटांनी तिनं सगळ्यांदेखत त्याचा हात घट्ट धरला.

"धरलायस तर आता सोडू नको बरं," वहिनी म्हणाली.

"सोडतंय कोण!" चिमी म्हणाली.