कोरड्या कोठडीतली ओल

सरकारी इमारतींच्या देखभाल खात्यात तिला तोंडावर सगळे बाई म्हणायचे आणि पाठीमागे ओलवाली. एकोणीस वर्षं ती लोकांच्या भिंतींना हात लावून त्यांची दुखणी सांगत आली होती. छत कुठे गळतं, नळ कुठे झिरपतो, जमीन कुठून पाणी ओढते, हे तिला नुसता तळहात टेकवला की कळायचं. यंत्र आपलं साहेबांच्या समाधानासाठी. तुम्हाला ही थाप वाटत असेल तर वाटू द्या, याहून मोठा घास पुढे गिळायचा आहे.

मंगळवारी अकराच्या सुमारास ती तुरुंगाच्या फाटकात पिशवी तपासून घेत होती. पिशवीत दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र, छोटी हातोडी, टॉर्च, फडकं, सुतारकामाची जाड पेन्सिल आणि तपासणीचा फॉर्म.

काम साधंच होतं. एका कैद्याने कोर्टात अर्ज केला होता. कोठडीत ओल आहे, फरशीवर पाणी साचतं, छातीत कफ झालाय, तर मला इथून काढून खासगी रुग्णालयात ठेवा. कोर्ट म्हणालं, आधी ओल तपासा. ओल निघाली तर स्वारी बाहेर, नाही निघाली तर उरलेली चौदा वर्षं आत.

कैदी मात्र साधा नव्हता. एका कॉलेजच्या जलतरण तलावावर तो प्रशिक्षक होता. त्या तलावावर उन्हाळ्यात लहान मुलींची शिबिरं भरत. तिथे त्याने काय केलं ते सहा जणींनी मोठं झाल्यावर कोर्टात उभं राहून सांगितलं. तोवर कॉलेजने पदकं कपाटात मांडली होती आणि तोंड मिटून ठेवलं होतं.

सातवी काही बोललीच नाही. सातवी आत्ता फाटकात उभी राहून सही करत होती.

हे तिच्या खात्यात कोणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला नव्हतं, आईलाही नव्हतं. साहेबांनी कामांची यादी वाचली तेव्हा तिने नुसती मान हलवली. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण तीस वर्षं गळ्यात अडकून बसलेलं.

सोबतीला एक हवालदार दिला. पुढच्या वर्षी निवृत्त होणारा, जिभेने मोकळा.

"ताई, हातोडी मोजून परत न्यायची हं," तो किल्ल्या वाजवत म्हणाला. "इथे आत आलेली वस्तू जन्मठेपेवर असते."

वाटेत मोठी बराक लागली. तीस माणसांच्या जागेत ब्याऐंशी. माणसं पाळीपाळीने झोपत होती, भिंत गुडघ्यापर्यंत हिरवी झालेली, आणि गजाजवळचा एक म्हातारा असा खोकत होता की जणू आतून कोणी दार ठोठावतंय. तिने भिंतीला तळहात लावला. भिंत भिजलेल्या पावासारखी मऊ लागली.

"इथली तपासणी कधी झाली?"

"कशाला होतेय. अर्ज यांनीही केलाय, झाली चार वर्षं."

"मग?"

"मग काय ताई. यांना वकील नाही. त्याला तीन आहेत."

तिने पेन्सिल काढली, भिंतीवर ओलीच्या कडेने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

त्या कैद्याला सगळ्यांपासून वेगळं ठेवलं होतं, एका लांब बोळाच्या टोकाला. इतरांत ठेवला असता तर त्यांनी त्याला दोन दिवसांत उभा चिरला असता. बोळाला खिडकी नव्हती. बाहेर रखरखीत ऊन असताना इथे पिवळे दिवे मिणमिणत होते, आणि त्यांतलाही एक सारखा डोळा मारायचा. जसजशी ती पुढे गेली तसतशी मागची खोकल्याची, भांड्यांची खडखड विरत गेली. आणि मग वास आला. नाकातून सरळ मस्तकात जाणारा, डोळे चुरचुरवणारा.

ती थांबली.

"हवालदार, इथे फरशी कशाने पुसता?"

"फिनेलने." त्याने आवाज खाली आणला. "म्हणजे तुम्हालाही येतो तो वास? मला वाटलं, माझं नाकच गेलं. तलावात टाकतात ना ते औषध... पण इथे तर विहिरीचं पाणी आहे ताई. औषध पाहिलेलं नाही त्या पाण्याने."

त्याने कुलूप काढलं आणि तो दाराबाहेरच उभा राहिला. "तुम्ही बघून घ्या. मी... हवेशीर थांबतो."

कैदी खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. म्हातारा झालेला, गळ्याची कातडी लोंबणारी. पण आवाज तोच. साय धरलेल्या दुधासारखा.

"या, या. बघा काय हाल करून ठेवलेत माणसाचे."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने भिंतीकडे पाहिलं. चारही भिंतींना सुया टोचल्या. यंत्राचा काटा जागचा हलला नाही. हातोडीने ठोकून पाहिलं, टणटणीत आवाज. छत कोरडं, कोपरे कोरडे. एकोणीस वर्षांत इतकी निरोगी खोली तिला सापडली नव्हती. ब्याऐंशी माणसं तिकडे बुरशीत आणि हा इथे खडखडीत.

पण खाटेसमोर फरशी ओली होती. पाणी सलग नव्हतं; लहान लहान डाग होते, एका ओळीत. तिने फडक्याने पुसले. फडकं पिळायच्या आत ते पुन्हा उमटले.

ओल शोधायची एक जुनी पद्धत आहे. डागाच्या कडेने पेन्सिल फिरवायची, वेळ लिहायची आणि डाग कुठल्या दिशेला पसरतो ते पाहत बसायचं. ती गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या डागाभोवती पेन्सिल फिरवू लागली. कड आत वळली, बाहेर आली, वर गेली. मग एक छोटं वळण. मग दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं.

पाऊल होतं ते. लहान मुलीचं.

"काढू नका ते," खाटेवरून आवाज आला. साय गेली होती.

तिने दुसरं काढलं, तिसरं काढलं. जोड्या होत्या. सहा जोड्या, शेजारी शेजारी, सगळ्यांची बोटं खाटेकडे. तलावाच्या काठावर शिट्टीची वाट पाहत मुली उभ्या राहतात तशा.

"दिवसासुद्धा येतात," तो पुटपुटला. "नुसत्या उभ्या असतात... काही बोलत नाहीत. केसांतलं पाणी टपटपत राहतं. डॉक्टर म्हणतो, भास. सांगा तुम्ही त्याला, भासाने फरशी भिजते का..."

आता तुम्ही विचाराल, मग त्या सहाजणी मेल्या होत्या की काय. छे. सहाही ठणठणीत होत्या. एक बेकरी चालवत होती, एक क्रेन चालवत होती, एक बीजगणित शिकवून पोरांना रडवत होती. पण भूत व्हायला आख्खं माणूस मरावं लागतं, असं कुठे लिहिलंय? अकरा वर्षांची एक पोर त्या तलावाच्या मागच्या खोलीत राहून गेली, आणि उरलेली बाई घरी येऊन मोठी झाली. मागे राहिलेली ती पोर कुठे तरी जाणारच की.

सहाव्या पावलांपुढे भिंत होती. पण लगेच नव्हती. मध्ये एका मुलीपुरती कोरडी जागा होती.

तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

"खांद्यांवरून वाटतं, तुम्ही पोहत होतात कधी तरी," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे त्याने तेच केलं जे तो पूर्वी करायचा. बोलत बोलत माणूस चाचपायचा. "ती जागा बघताय ना? तिथे कोणी येत नाही. एवढी एक शहाणी होती. काही बोलली नाही."

दाराबाहेर किल्ल्यांचा जुडगा एकदाच वाजला.

ती उठून उभी राहिली. त्या कोरड्या जागेशेजारी गेली आणि तीस वर्षांत प्रथमच तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"शहाणी नव्हते," ती म्हणाली. "घाबरले होते. भिंतीलगतची मी."

त्याने पाय आणखी जवळ ओढून घेतले.

"ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगते. भिंतीलगतची सातवी मी. आणि मी बोलणार आहे."

दिवा विझला नाही, वारा आला नाही. फक्त तिच्या पावलांशेजारी, थंड फरशीवर... थप. आणि मग... थप. कोरड्या जागेवर पाणी उमटलं. आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट, उबेला उभं राहावं तसं तिला खेटून.

तो भिंतीत शिरू पाहत होता. तिने पुन्हा गुडघे टेकले, त्या पावलांभोवती अगदी सावकाश रेघ फिरवली आणि वेळ लिहिली. अकरा बावन्न.

फॉर्म तिने अधीक्षकांच्या टेबलावर भरला. भिंती : कोरड्या. छत : कोरडं. फरशी : ओली. स्रोत या रकान्यात छत, नळ, जमीन यांवर फुली मारून तिने 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं : अर्जदार स्वतः. खाली मोठ्या बराकीतली ओल आणि ब्याऐंशी माणसं लिहिली. अगदी शेवटी एक ओळ असते. तिच्याकडे कोणी बघतही नाही. तपासनिसाचा अर्जदाराशी पूर्वसंबंध : आहे किंवा नाही. एकोणीस वर्षं ती डोळे झाकून 'नाही'वर खूण करत आली होती.

तिने 'आहे'वर केली.

अधीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "अहो बाई, याने तुमचा अहवालच बाद होईल."

"होऊ दे."

"दुसरा तपासनीस येईल. त्याने नुसतीच ओल लिहिली, तर हा सुटेल. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर इथून पोलिसांत चाललेय. तो येईपर्यंत माझी तक्रार नोंदवून होईल. कुठल्याही रुग्णालयात नेलं तरी पोलीस त्याला तिथून उचलतील."

"आणि ही बराक कशाला घातलीत मध्ये? तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"मलाही तीस वर्षं कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली, आणि हातोडी मोजून पिशवीत टाकली.

जबाब द्यायला साडेचार तास लागले. घरी नवऱ्याला सांगायला दहा मिनिटं. आईला सांगायला मात्र दोन दिवस गेले.

शनिवारी दुपारी सव्वाचारला ऑफिसात तिचा फोन वाजला. पलीकडे खात्यातलाच दुसरा तपासनीस, ज्याला सगळे खडूस म्हणत. तो कोठडीतून, हवालदाराच्या फोनवरून बोलत होता, पण आवाज इतका दबका की तिला आधी ओळखू येईना.

"तुझ्या रेघा पाहिल्या. सातही. भिंती कोरड्या आहेत, तू लिहिलंस ते बरोबर आहे..."

"मग?"

"आठवी जोडी आहे."

ती खुर्चीवरून उठली. "कुठे?"

"दारात. पण तिची बोटं त्याच्याकडे नाहीत... माझ्याकडे आहेत. मी रेघ मारली बाई. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे."

पलीकडे त्याची पेन्सिल फरशीवर पडल्याचा आवाज आला.

"माझ्या धाकटीची करंगळी तशीच आहे..."

"धाकटी कुठे आहे आत्ता?"

"शिबिराला. त्याच तलावावर. म्हटलं, तो तर आत आहे, आता कसली भीती... नवीन सर चांगले आहेत म्हणतात सगळे..."

तिने गाडीची किल्ली उचलली होती. "तलाव इथून दहा मिनिटांवर आहे. तू तिथूनच पोलिसांना फोन कर. निघाले मी."

"ऐक... रेघा रिकाम्या झाल्या. सगळ्या. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. पावलं बोळातून फाटकाकडे..."

जिना उतरताना फोन कानाला तसाच होता, पण तो ओला आवाज फोनमधून येत नव्हता. तिच्या मागून येत होता, पायरी पायरीने, बऱ्याच पायांचा. तिने मागे वळून पाहिलं नाही. आवारात भरपूर ऊन होतं. तिने आधी गाडीचं मागचं दार सताड उघडलं, मग पुढे जाऊन गाडी सुरू केली. क्लोरीनच्या वासाने डोळे चुरचुरले, आणि गाडी मागच्या चाकांवर हळूहळू खाली बसत गेली.

दार लावायला ती उतरणार होती. ते आतून ओढलं गेलं.