चिंचोके आणि चुकलेला उंट

"थांबा! त्या उंटाला मारू नका!"

बयाच्या ओरडण्यानं सभामंडप दचकला. सारोळ्याच्या कोंडिबांचा हात पटावर तसाच थबकला. समोर बयाचे आजोबा, हिर्डोशीचे गेनबा! डोंगरातून भोरच्या बुद्धिबळाच्या सामन्यांना चालत आलेले, पहिल्यांदाच शेवटच्या डावापर्यंत पोचलेले. उंट प्याद्याच्या तोंडी गेला की डाव गेलाच!

ही १९३६च्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा तिथला पट कापडी असे, सगळी घरं एकाच रंगाची. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरके, त्यामुळे डावाची सुरुवात निवांत चाले. जेवणाच्या वेळी पानं मांडायला पंच तात्यांनी फळीवर अंथरलेला पट मोहऱ्यांसकट उचलून कोनाड्यात ठेवला होता.

"पोरी, लुडबूड नको!" तात्या गरजले.

"तात्या, आबांचा उंट चुकीच्या घरात हाय!"

"आबा, तुमी तरी बोला की!" बयाचा भाऊ ज्ञानू कळवळला.

"पंचांनी मांडलंय. म्या कशाला शंका घेऊ?" गेनबा म्हणाले, पण त्यांची नजर उंटावरून हटेना.

बया धाकट्या भावाकडे वळली. "भिमा, खिसा रिकामा कर!"

"माझे चिंचोके? जिंकलेले हायेत!"

"परत देते, कंजूष!"

तिघांनी एक घर सोडून एक, असे चिंचोके ठेवले. घरी कोळशानं पट आखताना आबांनीच शिकवलेलं होतं : दोन उंट दोन वेगळ्या रंगांच्या घरांत सुरू होतात, आणि उंट आपला रंग कधी सोडत नाही. पाहता पाहता आबांच्या दोन्ही उंटांच्या घरात चिंचोका आला!

"दोघं एकाच रंगात कसे?" बया म्हणाली. "एक अजून जागचा हललेला न्हाई. मंग चुकला तो ह्योच!"

कोंडिबा पटावर वाकले. "हा एकदाच हलला, वजिराच्या बाजूला तिरका. चुकून शेजारच्या घरात आला असेल, तर त्या वाटेवर या घराला लागून दोनच घरं. एकात प्यादं."

"म्हंजे उरलं एकच!" ज्ञानू ओरडला.

तात्यांचा चेहरा उतरला. "कोनाड्यात ठेवताना एक मोहरा पडला होता खरा. मीच अंदाजानं उभा केला."

कोंडिबांनी स्वतःच्या हातानं उंट त्या घरात नेला.

दिवेलागणीला गेनबांनी मात दिली. कोंडिबा हसत म्हणाले, "हरलो, पण खऱ्या डावात हरलो. शाब्बास पोरांनो! गेनबा, पुढल्या वर्षी यांना आणाच."

पुढच्या मे महिन्यात तिघं गेली. तात्यांनी नवा पट शिवून घेतला होता, दोन रंगांच्या घरांचा. भिमाचा खिसा चिंचोक्यांनी फुगलेला होता. दिवसभरात कुणी ते मागितलेच नाहीत.